लेफ्ट येतोय का?

दाजींच्या गाडीत बसायचं म्हणजे आधी साक्ष द्यावी लागते. बूड सीटला टेकतंय न टेकतंय तोच चावी फिरते, डेकचे दिवे लागतात, टाळ सुरू होतात, पखवाजावर थाप पडते आणि दाजी समोरच्या काचेकडे बघत विचारतात, "लेफ्ट येतोय का?"

"येतोय."

"राइट?"

"तोही येतोय."

"मागचा बघ. आता फक्त मागचा लेफ्ट ठेवलाय. येतोय?"

तेवढ्यात पंडित भीमसेन जोशी अभंगाची पहिली ओळ उचलतात. तो आवाज गाडीत मावत नाही. मागच्या सीटवर ताईच्या सासूबाई डोळे मिटून हात जोडतात आणि नेमके तेव्हाच दाजी बटण दाबतात. "बास. कळलं."

एक अपवाद सोडला, तर दाजींच्या गाडीत पंडितजी पहिल्या ओळीच्या पुढे गेलेले नाहीत. कॅसेट गेली, सीडी आली. सीडी गेली, पेनड्राइव्ह आला. पेनड्राइव्ह जाऊन ब्लूटूथ आलं. विठ्ठल मात्र कायम दुसऱ्या ओळीतच राहिला.

तुमच्याही गोतावळ्यात असे एक दाजी असणारच. दाजी नसतील तर साडू असतील, धाकटे काका असतील, समोरच्या बिल्डिंगमधले निवृत्त इंजिनिअर असतील. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखाद्या गाडीची चारही दारं सताड उघडी आणि ड्रायव्हरच्या बाजूने दोन पाय बाहेर आलेले दिसले की ओळखावं. पायांचा मालक स्टिअरिंगखाली उताणा पडलेला असतो. त्याच्या तोंडात टॉर्च असतो, त्यामुळे तो "धर, धर, सोड!" असं ओरडतो तेव्हा बाहेर नुसतं "हह, हह, होह" ऐकू येतं, आणि बाहेर उभा असलेला मुलगा किंवा मेहुणा धरायच्या वेळी सोडतो. मग आतून जे ऐकू येतं ते टॉर्च तोंडात असूनही स्वच्छ कळतं.

दुकानात नेली तर गाडी दोन चहा होईपर्यंत तयार होऊन हातात मिळते. हे दाजींना माहीत नाही असं नाही. पण दुकानातली पोरं वायर कापतात. दाजी एका सहकारी बँकेत कर्ज विभागात आहेत. माणसं खोटे दाखले आणतात, हप्ते बुडवतात, जामीनदार पळून जातात, या सगळ्याकडे ते शांतपणे बघू शकतात. कंपनीची वायर कापलेली मात्र त्यांना बघवत नाही. "कापली? कात्रीनं?" असं विचारताना त्यांचा आवाज चक्क हलतो. म्हणून ते पुण्यातली तापकीर गल्ली पालथी घालतात, तिथं नाही मिळालं तर नाना पेठेत स्पेअर पार्टवाल्यांची दारं झिजवतात आणि त्या गाडीला बसणारा नेमका कपलर शोधून आणतात. त्याच्या एका तोंडात गाडीचं वायरिंग खटकन बसतं, दुसऱ्या बाजूच्या वायरी डेकच्या वायरींना रंगाला रंग बघून जोडायच्या. उद्या डेक काढला तरी गाडीला पत्ता लागणार नाही.

हे रंग आमच्या घरात पाढ्यांच्या आधी शिकवले गेले. पिवळी वायर म्हणजे थेट बॅटरी, कायम बारा व्होल्ट. लाल म्हणजे चावी फिरवल्यावर जागी होणारी. काळी अर्थिंगची. पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरची, करडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या, जांभळी मागच्या उजव्या. त्याच रंगावर काळी रेघ असली की ती मायनस. डेक जपानी असो की चिनी, बहुतेक सगळे हेच रंग पाळतात, आणि याचं दाजींना एवढं कौतुक आहे की संयुक्त राष्ट्रसंघाला जे जमलं नाही ते या दहा-बारा वायरींनी करून दाखवलं, असं ते लग्नाच्या पंगतीतही सांगतात. भाचा बालवाडीत होता तेव्हा बाईंनी वर्गात विचारलं, पिवळं काय काय असतं? बाकीची पोरं आंबा, लिंबू, झेंडू म्हणत होती. आमचा उभा राहून म्हणाला, "परमनंट बॅटरी." बाईंनी ताईला भेटायला बोलावलं आणि फार हळुवारपणे विचारलं, घरात काही ताण आहे का? ताई म्हणाली, "आहे, बारा व्होल्टचा."

ताईचं लग्न ठरलं तेव्हा दाजींकडे स्कूटर होती, म्हणून आम्ही बेसावध राहिलो. मग सेकंडहँड मारुती ८०० आली. कोणी माणूस पहिल्या गाडीचे पेढे वाटेल, कोणी तिला नारळ फोडेल. दाजींनी नारळ फोडला आणि लगोलग डॅशबोर्ड फोडला. डेक जुन्या बाजारातून आणलेला, कॅसेटवाला, मागच्या वायरी बोटभर उरलेल्या. स्पीकर सहा-बाय-नऊचे, लंबगोल, ते मागच्या काचेखाली प्लायवूडच्या फळीत बसवायचे. गोल भोक आखायला घरात ताटं-वाट्या चिक्कार असतात, लंबगोल कुठून आणणार? दाजींनी दोन खिळे ठोकले, त्यांच्याभोवती सुतळीचा फास टाकला, फासात पेन्सिल ताणून फिरवली आणि फळीवर देखणी लंबवर्तुळाकृती उमटली. शाळेत शिकलेली भूमिती आयुष्यात वापरणारा मी पाहिलेला हा पहिला माणूस. दुर्दैवाने फळी जेवणाच्या टेबलावर ठेवून त्यांनी करवत चालवली. त्या टेबलावर आजही एक वक्ररेषा आहे. ताई तिच्यावर मिठाची बरणी ठेवते.

मग स्पीकरचा प्लस कोणता आणि मायनस कोणता हे शोधायचं. खुणा पुसलेल्या असल्या तर त्यासाठी पेन्सिल सेल लागतो. सेलच्या दोन वायरी स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवायच्या. पडदा बाहेर उसळला तर सेलच्या प्लसवर आलेलं टोक ते प्लस, आत गेला तर उलट. हे बघून घ्यावंच लागतं. एक स्पीकर सरळ आणि दुसरा उलटा जोडला गेला तर एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि दोघं मिळून पखवाजाचा घुमार खाऊन टाकतात. सगळं वाजत असतं, फक्त पोटात काही जाणवत नाही. शास्त्र म्हणून हे झकासच आहे. माझी तक्रार सेलबद्दल आहे. तो भिंतीवरच्या घड्याळातून निघतो आणि परत जात नाही. तिकडे गाडीत कामाला हात घालण्याआधी दाजी दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचा मायनस काढून ठेवतात. हेही बरोबरच, वायरीला वायर टेकून ठिणगी नको. पण त्यामुळे गाडीतलं घड्याळ दर रविवारी नव्याने जन्माला येतं. घरात घड्याळ बंद, गाडीत घड्याळ चुकीचं. ताईच्या संसारात वेळ काय झाली हे शेजाऱ्यांना विचारावं लागतं.

दाजींसमोर डेकच्या खोक्यावर छापलेला आकडा वाचून दाखवू नये. खोक्यावर ठळक अक्षरात असतं, ५० वॅट गुणिले ४. म्हणजे २०० वॅट. भाच्याने कॉलेजात गेल्यावर तसला एक डेक मोठ्या ऐटीत आणला, तेव्हा दाजींनी खोकं बाजूला ठेवलं, डेक उलटा केला आणि मागचा फ्यूज उपसून काढला. "किती लिहिलंय?" "दहा अँपिअर." "इंजिन चालू असताना बॅटरीला किती व्होल्ट मिळतात? चौदा पूर्णांक चार धर. गुणाकार कर." १४४ आले. "आत येतात एकशे चव्वेचाळीस आणि बाहेर देणार दोनशे? वरचे छप्पन कुणाच्या घरून आणणार?" शिवाय आत आलेल्यातला मोठा भाग नुसता तापण्यात जातो. एका स्पीकरला खरे वीसेक वॅट सलग मिळाले तर नशीब. कर्जाच्या अर्जावरचं उत्पन्न आणि तलाठ्याच्या दाखल्यावरचं उत्पन्न यांत जो फरक असतो तो हाच, आणि दाजींनी तो बँकेतल्या खुर्चीत बसून हजारदा पाहिलेला आहे. भाच्याचा चेहरा अर्ज नामंजूर झाल्यासारखा झाला. डेक अर्थात बसला. बसवायला तीन रविवार लागले आणि ते तीनही दाजींनी मनापासून साजरे केले.

दाजींचं दुसरं श्रद्धास्थान म्हणजे खाच. डॅशबोर्डमधली जी चौकोनी जागा, जिच्यात डेक सरकवतात, तिचं माप जर्मनांनी ठरवून दिलं. १८० मिलिमीटर रुंद, ५० मिलिमीटर उंच, आणि दोन मजली हवी असेल तर उंची १००. जर्मन प्रमाण म्हणून त्याला डिन म्हणतात, पुढे ते जगाने उचललं. आमच्याकडे पोरं "टू-डिन आहे का?" असं विचारतात तो हाच. "म्हणजे बघ," दाजी सांगतात, "कोरियाची गाडी, जपानचा डेक, चीनची फ्रेम, आणि बसवणारा मी, धनकवडीतला. कोणी कोणाला ओळखत नाही, आणि बसतंय!" हे ऐकताना माझ्या मांडीवर डोअर पॅड असतं आणि हातात तुटलेल्या क्लिपांची वाटी, त्यामुळे विश्वबंधुत्वाचा आनंद मला पूर्णपणे घेता येत नाही.

आता खंबाटकी घाटाची गोष्ट सांगतो. कराडला लग्न. आम्ही पुण्याहून निघालो. गाडीत दाजी, ताई, मी आणि नवरीचे मामा. मुहूर्त दुपारचा, वेळ भरपूर. शिरवळच्या पुढे मला आधी ऐकू आली, मी गप्प राहिलो. मग दाजींना ऐकू आली. स्पीकरमधून एक बारीक कुंई येत होती. ॲक्सिलरेटर दाबला की कुंई वर चढे, सोडला की खाली उतरे. घाट सुरू झाला, दुसरा गिअर पडला आणि कुंई तार सप्तकात जाऊन बसली. "अर्थिंग," दाजी म्हणाले. कोणी काही विचारलं नव्हतं. "अल्टरनेटरचा आवाज आत येतोय. डेकचा अर्थ नीट बसलेला नाही."

ताई म्हणाली, "अहो, बंद करा ना मग डेक."

आयुष्यात कुणी कुणाला याहून सोपा सल्ला दिला नसेल आणि याहून जास्त अपमान केला नसेल. घाट संपला, सुरूर फाट्याच्या अलीकडे एका ढाब्याच्या अंगणात गाडी उभी राहिली आणि दाजी इस्त्रीच्या सफारीसकट स्टिअरिंगखाली गेले. मामा फेटा बांधून आले होते. टॉर्च धरायला दुसरं कोणी नव्हतं, कारण माझ्याकडे चारही स्क्रू होते. तुऱ्याचा फेटा घातलेला माणूस गाडीच्या दारात उकिडवा बसून आत टॉर्च मारतोय, हे बघायला ढाब्यावरचे दोन ट्रकवाले खाटा घेऊन जवळ सरकले. बऱ्याच वेळाने दाजींनी कारण शोधलं. अर्थिंगची वायर ज्या नटाखाली आवळली होती तिथे पत्र्यावर रंगाचा थर होता, आणि रंगातून वीज धड जात नाही. त्यांनी मामांकडे एक रुपयाचं नाणं मागितलं, पत्रा चकचकीत होईपर्यंत खरवडला, नट आवळला. कुंई साफ गेली. ट्रकवाल्यांनी माना डोलावल्या. दाजी बाहेर आले, घाम पुसला, चावी फिरवली. टाळ, पखवाज. "मामा, लेफ्ट येतोय का?"

मामांचा फोन वाजत होता. कराडला नवरी हार घेऊन उभी होती आणि तिला बोहल्यावर घेऊन जायला मामा हवे होते. शेवटी दुसऱ्या कुणी चुलतमामाने ते काम केलं. आम्ही पोचलो तेव्हा जिलेबी वाढत होते. मामांचं नवरीच्या घरच्यांशी बोलणं नंतर दोन-तीन दिवाळ्या बंद होतं, पण दाजींशी मात्र त्यांचं सख्य जमलं ते कायमचं. मागच्या महिन्यात मामांनी त्यांच्या ट्रॅक्टरला डेक बसवून घेतला.

२००८ च्या नोव्हेंबरात पंडितजींना भारतरत्न जाहीर झालं तेव्हा ताईच्या सासूबाईंना वाटलं, आज तरी. त्या संध्याकाळी दाजी स्वतः म्हणाले, "चला आई, गाडीत बसा, पंडितजींचं लावतो." त्या शाल घेऊन आल्या. टाळ वाजले, पखवाज बोलला, पंडितजींनी सूर लावला. "काय मिडरेंज आलाय!" दाजी भारावून म्हणाले आणि बंद केलं. सासूबाई शालीसकट उतरून वर गेल्या. मी दाजींना म्हटलं, निदान आज तरी पूर्ण लावायचं होतंत, त्यांना काय वाटलं असतं? दाजी म्हणाले, "कुणाला, पंडितजींना? त्यांना गाड्यांचं वेड होतं. मैफलीला कुठल्या कुठे स्वतः चालवत जायचे. बॉनेट उघडणारा माणूस आहे तो. त्यांना माझी अडचण कळली असती." यातली गाड्यांची गोष्ट खरी आहे. त्यामुळे मला पुढे बोलता येईना.

एवढं सगळं बघून तुम्हाला वाटेल, या माणसाला गाण्यातलं काही कळत नाही. मलाही तेच वाटायचं. ज्याला कळतं म्हणून आपण नावाजतो त्या माझ्यासारख्या माणसाच्या फोनमध्ये चारशे अभंग आहेत आणि ते मी भाजी निवडताना लावतो. असो.

आप्पा, म्हणजे आमचे वडील, गावाहून आले की दाजींच्या गाडीत पुढच्या डाव्या सीटवर बसत. सासरा म्हणून तो मान त्यांचा. त्यांनाही साक्ष चुकली नव्हती. "आप्पा, लेफ्ट येतोय का?" "येतोय, येतोय." "राइट?" "येतोय की." आप्पा जावयाला कधी नाही म्हणाले नाहीत. एकदा पार्किंगमध्ये गाडी उभी असताना दाजींनी फक्त उजवीकडचे स्पीकर चालू ठेवून विचारलं, लेफ्ट येतोय का? आप्पा म्हणाले, "छान येतोय." आम्ही सगळे हसलो. दाजी हसले नाहीत.

"आप्पा, डोळे मिटा. आवाज कुठून येतोय ते बोटाने दाखवा."

दाजींनी फक्त डावीकडचा स्पीकर ठेवला. आप्पांचं बोट उजवीकडे गेलं. मग उजवीकडचा ठेवला, बोट उजवीकडे. मागचा डावा, तरी उजवीकडे. प्रत्येक वेळी बोट दाजींवरच रोखलेलं. दाजींनी डेक बंद केला आणि ताईला एवढंच म्हणाले, "उद्या कानाच्या डॉक्टरकडे नेतो." आप्पांचा डावा कान जवळजवळ गेलेला होता, आणि बरीच वर्षं. आम्ही सगळे त्यांच्या आजूबाजूला वावरत होतो. आप्पा बोलताना मान थोडी वळवतात ही त्यांची ऐट आहे, असं आम्हाला वाटायचं. डॉक्टरांनी यंत्र दिलं. आप्पांनी ते डबीत घालून डबी कपाटात ठेवली.

त्यानंतरच्या रविवारी गाडीची दारं उघडी दिसली तेव्हा मी नेहमीप्रमाणे दुसऱ्या जिन्याने सटकायला बघत होतो. दाजींनी हाक मारली नाही, म्हणून उलट थांबलो. ते स्वतःशी बोलल्यासारखं सांगत होते. जाड आवाज डोक्याला वळसा घालून पलीकडच्या कानाला पोचतो. बारीक आवाजाला वळता येत नाही, तो डोक्याआड अडतो. म्हणजे डावीकडे वाजणारा पखवाज आप्पांच्या उजव्या कानाला मिळतो, डावीकडचे टाळ मिळत नाहीत. "इतकी वर्षं आप्पांना अर्धेच टाळ ऐकवतोय मी," दाजी म्हणाले. मग त्यांनी डेकच्या मागच्या डाव्या आणि उजव्या आउटला एकेक हजार ओहमचा रेझिस्टर लावून दोन्ही एकत्र केले, ते एका छोट्या ॲम्प्लिफायरला दिले आणि त्यावरचा एक स्पीकर दोन सीटच्या मधे, आप्पांच्या उजव्या बाजूला बसवला. स्पीकरच्याच वायरी थेट एकमेकींना जोडल्या असत्या तर डेक जळाला असता, म्हणून हा उद्योग. सोल्डरिंग इतकं नाजूक केलं होतं की मी पहिल्यांदाच "वा" म्हणालो. डावं आणि उजवं वेगळं करण्यात उभा जन्म घालवलेल्या माणसाने ते दोन रुपयांच्या दोन रेझिस्टरनी एक करून टाकलं.

आप्पांना बसवलं. दाजींनी लेफ्ट-राइट काही विचारलं नाही. टाळ सुरू झाले तशी आप्पांची मान सरळ झाली. पखवाज आला. पंडितजींनी पहिली ओळ उचलली आणि दाजींचं बोट, त्या बोटाला बिचाऱ्याला दुसरं काही येतच नव्हतं, बटणावर गेलं.

"बंद का केलंत, जावईबापू?"

"नाही, ते... कळलं."

"तुम्हाला कळलं. मला ऐकू द्या की."

दाजींनी पुन्हा लावलं. पहिली ओळ झाली, दुसरी आली, विठ्ठल आला. आप्पा मांडीवर बोटांनी ठेका धरून बसले. दाजींचा मात्र जीव थाऱ्यावर नव्हता. हात बटणाकडे जाई, परत येई. तान सुरू झाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, हे असंच असतं का, अशा नजरेनं. अंतरे झाले, गजर झाला, शेवटची थाप पडली. गाडीत कोणी बोललं नाही. मग दाजी म्हणाले, "बरंच मोठं असतं की हे!"

आप्पा जाऊन आता बराच काळ झाला. तो मधला स्पीकर तसाच आहे, चालू आहे. त्या गाडीत बाकीच्या सगळ्यांना आवाज विचित्र लागतो, मधूनच कोंबडं आरवल्यासारखा येतो. बॅलन्सचा एक ठोका इकडेतिकडे झाला तर ज्यांना रात्री झोप लागत नाही ते दाजी त्याला हात लावत नाहीत. मी एकदा विषय काढला, तर म्हणाले, "अर्थिंगचं काहीतरी आहे. बघू कधीतरी."

आता ती गाडी म्हातारी झाली आणि नवी घ्यायचं ठरलं. इथं दाजींच्या जातीच्या माणसांचं खरं संकट सुरू होतं. नव्या गाड्यांत डेक नावाची वस्तूच उरलेली नाही, पडदा असतो. त्याच पडद्यात एसी, त्यातच मागचा कॅमेरा, त्यातच गाडीच्या साऱ्या खोडी. पडदा, स्टिअरिंगवरची बटणं आणि उरलेली गाडी दोन बारीक वायरींवरून एकमेकांशी सतत कुजबुजत असतात, आणि त्यातला एक भिडू उपटला की बाकीचे बोंब ठोकतात. खाच तर गेलीच. आता प्रत्येक कंपनीच्या पडद्याचा आकार वेगळा. एकाचा दुसऱ्याला बसू नये याची काळजी घ्यायला माणसं नेमलेली असावीत. दहा-बारा लाख मोजून आपण जी वस्तू घरी आणतो तिचं झाकण उघडायचा हक्क त्या किमतीत येत नाही. तो सर्व्हिस सेंटरमधल्या लॅपटॉपकडे राहतो. गिऱ्हाइकाने फक्त बोटाने पडदा सारायचा. दाजींना सारता येत नाही. ते दाबतात.

शोरूममध्ये टाय बांधलेला मुलगा आम्हाला टॉप मॉडेलमध्ये घेऊन गेला. आठ स्पीकर, सगळं कंपनी-फिटेड, बोललं की गाणं लागतं. दाजींनी डॅशबोर्डच्या कडेवरून अंगठा फिरवला, कुठे फट सापडते का बघितलं, सापडली नाही. सजवलेल्या वधूकडे विधुराने बघावं तसं बघून ते उतरले.

"सगळ्यात खालचं मॉडेल दाखवा."

"सर, त्यात म्युझिक सिस्टिम येत नाही. स्पीकरपण नाहीत."

"काहीच नाही?"

"काहीच नाही सर," मुलगा ओशाळून म्हणाला.

दाजींच्या चेहऱ्यावर मी त्यांच्या लग्नातही एवढं तेज पाहिलं नव्हतं. "वायरिंग दिलंय का आतून? दारापर्यंत?" हे त्या मुलाला कोणी शिकवलेलं नव्हतं. तो विचारायला आत गेला आणि मॅनेजरला घेऊन परत आला, तोवर दाजी खालच्या मॉडेलमध्ये बसून डॅशबोर्डमधलं कोरं प्लॅस्टिकचं झाकण अंगठ्याने दाबून बघत होते, आणि ते थोडं हललं होतं.

मॅनेजर अनुभवी होता. तो दाजींच्या नादी लागला नाही, ताईकडे वळला. "मॅडम, महिन्याच्या हप्त्यात अगदी किरकोळ फरक पडतो. तुम्ही सांगा सरांना, वरचं मॉडेल घ्या म्हणून."

ताईने पर्समधून चेकबुक काढलं. "खालचंच द्या," ती म्हणाली. "वरचं घेतलं तर हे रविवारी दिवसभर घरात बसतील."